हिशेबाची किल्ली कोणाच्या हातात?

एके काळी दुकानाचा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वहीत असे. मुनीमजी रोजकीर्द लिहीत, खतावणी सांभाळत. मुनीमजी काम सोडून गेले तर अडचण व्हायची. पण वही दुकानातच राहायची. नवा माणूस यायचा, मागची पाने चाळायचा आणि दोन-चार दिवसांत पुढचे पान लिहू लागायचा.

आता वहीच्या जागी सॉफ्टवेअर आले आहे. बिल, माल, उधारी, पगार, जीएसटी असे सगळे त्यातच असते. अनेक घरांत हे सॉफ्टवेअर कोणीतरी ‘बनवून दिलेले’ असते. भाच्याचा मित्र, ओळखीतला इंजिनिअर, शहरातली एखादी छोटी कंपनी. काम छान चालते. पण बनवणारा निघून गेला, तर ही नवी ‘वही’ दुसऱ्या कोणाला उघडता येईल का? हा प्रश्न सॉफ्टवेअर घेताना फार थोडे लोक विचारतात. कुटुंबाच्या पोटापाण्याचा व्यवसाय ज्यावर चालतो, त्याबद्दल तो आधीच विचारायला हवा. हा लेख त्यासाठीच आहे.

एका बेकरीची अडचण

आमच्या नात्यात एक बेकरी आहे. दोघे भाऊ मिळून चालवतात. दोन दुकाने आणि किराणा दुकानांना माल पोहोचवणाऱ्या तीन गाड्या. पाव, खारी, टोस्ट, नानकटाई, बिस्किटे. या धंद्याची एक खासियत अशी की सकाळी गेलेल्या मालातला काही संध्याकाळी परत येतो. किती गेला, किती विकला, किती शिळा म्हणून परत आला आणि दुकानदाराच्या खात्यावर किती बाकी राहिले, याचा रोज मेळ घालावा लागतो. बाजारातल्या तयार सॉफ्टवेअरमध्ये हे नीट बसेना, म्हणून त्यांनी एका तरुणाकडून स्वतंत्र सॉफ्टवेअर करून घेतले. तरुण हुशार होता, प्रामाणिक होता. पाच-सहा वर्षे काम विनातक्रार चालले. मध्यंतरी तो नोकरीसाठी आखातात गेला. पण फोनवर मदत करत असे.

मग २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. बिस्किटे, केक, पेस्ट्री १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. साध्या पावावर कर पूर्वीही नव्हता, पुढेही नाही. म्हणजे बिलात फक्त एक आकडा बदलायचा होता. पण तो आकडा पडद्यावरच्या कोणत्याही खिडकीत नव्हता. बनवणाऱ्याने तो थेट कोडमध्ये लिहून टाकला होता. गावातल्या दुसऱ्या एका प्रोग्रामरला बोलावले. त्याने संगणक पाहिला आणि विचारले, “सोर्स कोड कुठे आहे?” भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. हा शब्दच त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता. आखातातल्या तरुणाला फोन केला, तेव्हा कळले की कोड त्याच्या जुन्या लॅपटॉपवर होता आणि तो लॅपटॉप केव्हाच विकला गेला होता.

पुढचे कित्येक दिवस बिलबुकावर हाताने बिले फाडली गेली. धाकट्या भावाची पत्नी, जी घरूनच हिशेब पाहते, रात्री जागून ती सगळी बिले संगणकात दुसऱ्यांदा भरत होती, कारण विवरणपत्राची तारीख थांबत नाही. सुदैवाने त्या तरुणाला डेटाबेसचा पासवर्ड आठवत होता, म्हणून ग्राहकांची खाती आणि जुनी बाकी वाचली. सॉफ्टवेअर मात्र नव्याने उभे करावे लागले.

यात कोणी कोणाला फसवले नव्हते. कोडचे काय करायचे, हे दोघांपैकी कोणाच्याही डोक्यात आले नव्हते, एवढेच.

सोर्स कोड म्हणजे नेमके काय?

बेकरीचेच उदाहरण घेऊ. तुमच्या हातात नानकटाई आहे. ती खाता येते, विकता येते. पण ती मोडून पाहिली तरी मैदा किती, तूप किती, भट्टी किती तापवली हे सांगता येत नाही. त्यासाठी नुस्खा हवा. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. प्रोग्रामर माणसाला वाचता येईल अशा भाषेत सूचना लिहितो. ‘मालाचा प्रकार बिस्किट असेल तर कर इतका लाव’ अशा धर्तीच्या. या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. त्यातून संगणकावर चालणारी फाइल तयार होते आणि बहुतेक वेळा ग्राहकाला तेवढीच मिळते. ती चालते, पण ती वाचून आत बदल करणे जवळजवळ अशक्य असते.

सोर्स कोड हाती असेल, तर कोणताही जाणकार प्रोग्रामर तो वाचून बदल करू शकतो. मूळ माणूस उपलब्ध नसला तरी काम अडत नाही. नुस्खा लिहून ठेवला असेल, तर कारागीर बदलला तरी बेकरी बंद पडत नाही.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करत होते. तिथे झेरॉक्सचा एक नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तो थांबायचा आणि दूर बसलेल्या माणसाला कळायचे नाही. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉलमन यांनी स्वतःच बदल करून अशी सूचना मिळण्याची सोय केली होती. नव्या प्रिंटरचा कोड मात्र मिळाला नाही. ज्याच्याकडे होता त्याने तो न देण्याचा करार केला होता. हा अनुभव स्टॉलमन यांच्या मनात राहिला. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आला. सॉफ्टवेअर चालवण्याचे, त्याचा कोड वाचून बदलण्याचे, ते इतरांना देण्याचे आणि बदललेली प्रतही देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे, हा त्यामागचा विचार आहे. आज ज्याला आपण ‘ओपन सोर्स’ म्हणतो, त्याची मुळे इथे आहेत.

दोन घरचे धंदे, दोन वाटा

आपल्याकडच्या दोन सॉफ्टवेअरची कहाणी या बाबतीत बोलकी आहे. टॅली सर्वांना माहीत आहे. श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल व यंत्रांचे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, ते लिहायला सांगितले. १९८६ मध्ये कंपनी सुरू झाली. भरत गोयंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

दुसरे नाव ईआरपीनेक्स्ट. मुंबईचे ऋषभ मेहता यांच्या घरी फर्निचरचा व्यवसाय होता. त्यांनाही व्यवसायासाठी योग्य सॉफ्टवेअर हवे होते आणि त्यातूनच त्यांनी स्वतः ते लिहायला घेतले. २००८ मध्ये कंपनी निघाली. आज ती फ्रॅपे या नावाने ओळखली जाते. खरेदी, विक्री, गोदाम, उत्पादन, हिशेब अशी सगळी अंगे असलेले हे सॉफ्टवेअर आहे. शेअर बाजारातील झिरोधासारखी मोठी कंपनीही ते वापरते.

दोन्ही सॉफ्टवेअर घरच्या धंद्याच्या गरजेतून जन्मली. टॅलीने कोड आपल्याकडे ठेवला आणि परवाने विकले. ईआरपीनेक्स्टने कोड जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुला केला. पहिला मार्ग चुकीचा आणि दुसरा बरोबर, असे म्हणण्याचे कारण नाही. दोन्ही मार्गांनी लाखमोलाचे काम झाले आहे. आपल्या धंद्याला कोणता मार्ग सोयीचा, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

आपल्यासमोरचे पर्याय

पहिला पर्याय: तयार, बंद सॉफ्टवेअर. किराणा, कापड, हार्डवेअर, औषधे अशा दुकानांचे काम साधारण एकसारखे असते. तिथे टॅलीसारखे तयार सॉफ्टवेअर उत्तम चालते. कायदा बदलला की कंपनी सुधारणा पाठवते, आणि चालवता येणारी माणसे गावोगाव मिळतात. त्यात थोडेफार बदलही करता येतात. टॅलीची स्वतःची ‘टीडीएल’ नावाची भाषा आहे आणि तिच्या आधारे स्थानिक प्रोग्रामर बिलाचा नमुना किंवा एखादा नवा अहवाल करून देतात. एक गोष्ट लक्षात ठेवा. हा बदल कुलूपबंद फाइल म्हणूनही देता येतो आणि वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपातही. पैसे देताना वाचता येणारी फाइल मागून घ्या. टॅलीचा कोड मिळणार नाही, पण तुम्ही करवून घेतलेला बदल तरी तुमच्याकडे राहील.

दुसरा पर्याय: पहिल्यापासून बनवून घेणे. बेकरीवाल्या भावांनी हेच केले. काम अगदी मापाचे होते. पण त्या कोडची ओळख जगात एकाच माणसाला असते. कोड हाती नसेल तर हा सर्वांत धोक्याचा पर्याय आहे.

तिसरा पर्याय: ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेऊन आपल्या गरजेप्रमाणे बदलणे. ईआरपीनेक्स्टशिवाय ओडू हे दुसरे मोठे नाव. बेल्जियमच्या फाबियाँ पिंकेर्स यांनी २००५ मध्ये ते ‘टायनी ईआरपी’ या नावाने सुरू केले. भारतात गांधीनगरला त्यांचे कार्यालय आहे. इथे कोडचा पाया हजारो लोकांनी वापरलेला असतो, तो जाणणारे प्रोग्रामर अनेक असतात, आणि आपल्या खास गरजेपुरताच भाग नवा लिहावा लागतो.

चौथा एक मधला पर्यायही आहे. काही कंपन्या सॉफ्टवेअर विकताना कोड दाखवतात आणि तुमच्यापुरता बदलू देतात. पण तो इतरांना देण्याची मुभा नसते. ओडूची सशुल्क एंटरप्राइज आवृत्ती या प्रकारची आहे. तिची कम्युनिटी आवृत्ती मात्र ओपन सोर्स आहे. पण संपूर्ण हिशेबाची अनेक अंगे एंटरप्राइजमध्येच मिळतात. म्हणून ‘हे ओपन सोर्स आहे’ असे कोणी सांगितले, तर ‘कोणती आवृत्ती, कोणता परवाना?’ हे लगेच विचारा.

बदल करायचा म्हणजे किती?

‘आपल्या गरजेप्रमाणे’ हा शब्द ऐकायला गोड आहे, पण खर्च तिथेच वाढतो. बदलांचे तीन थर समजून घ्या.

पहिल्या थरात कोड लिहावाच लागत नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये एखाद्या फॉर्मवर नवा रकाना वाढवणे, बिलाचा नमुना बदलणे, कोणी काय पाहावे हे ठरवणे ही कामे पडद्यावरूनच होतात. ‘गाडी क्रमांक’, ‘परत आलेला माल’ असे रकाने घरातली कॉलेजला जाणारी मुलगीही दोन दिवसांच्या सरावाने वाढवू शकेल.

दुसऱ्या थरात थोडा कोड लागतो. नवे अहवाल, आपोआप होणारी आकडेमोड. आपल्या घरांतली एक नेहमीची गरज घ्या. जकातीसाठी दुकानातल्या मालाची किंमत चांद्र वर्षाच्या ठरावीक दिवशी काढावी लागते. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, त्यामुळे ती तारीख दर वर्षी सरकते. ३१ मार्चच्या ताळेबंदाशी तिचा मेळ नसतो. शिवाय सॉफ्टवेअर मालाची किंमत सहसा खरेदीच्या भावाने दाखवते. आपल्याकडे अनेक घरांत ती त्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. त्या दिवशीचा साठा, चालू भाव, येणे, देणे आणि हाती असलेली रोकड एका पानावर देणारा अहवाल लिहिणे हे प्रोग्रामरच्या दृष्टीने छोटे काम आहे. बंद सॉफ्टवेअरमध्ये यासाठी कोणाची तरी मनधरणी करावी लागते. कोड खुला असेल तर कोणीही लिहून देऊ शकतो.

तिसरा थर म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ कोडमध्येच हात घालणे. हे शक्य तितके टाळा. कारण मूळ कंपनी दर वर्षी-दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढते. तुम्ही मूळ कोडच बदलला असेल, तर नवी आवृत्ती घेताना तुमचे बदल पुसले जातात किंवा तिच्याशी भांडू लागतात. मग लोक जुन्याच आवृत्तीवर अडकून राहतात. चांगला प्रोग्रामर तुमचे बदल वेगळ्या ‘ॲप’मध्ये ठेवतो, म्हणजे मूळ पाया बदलला तरी वरचा मजला टिकतो. भारतातील जीएसटीसाठीही असेच ‘इंडिया कंप्लायन्स’ नावाचे खुले ॲप ईआरपीनेक्स्टला जोडता येते. काम देण्यापूर्वीच विचारा: “माझे बदल वेगळ्या ॲपमध्ये ठेवणार की मूळ कोडमध्ये?” या एका प्रश्नाच्या उत्तरावरून समोरच्याची जाण कळते.

खुले म्हणजे फुकट नव्हे

ओपन सोर्सच्या परवान्याला पैसे लागत नाहीत, हे खरे. पण सर्व्हरचे भाडे, सुरुवातीची मांडणी, जुना डेटा नव्यात आणणे, माणसांना शिकवणे आणि वर्षभराची देखभाल याला पैसे लागतातच. तयार सॉफ्टवेअरचा परवाना आणि ओपन सोर्सची देखभाल, दोन्हींचा पाच वर्षांचा एकूण खर्च कागदावर मांडा आणि मग तुलना करा. एकाच दुकानाचा, दोन-चार माणसांचा साधा व्यवहार असेल, तर बहुधा तयार सॉफ्टवेअरच स्वस्त पडेल. अनेक शाखा, कारखाना, गाड्या, ठेक्यावरचे कारागीर असे काम असेल, तर तराजू दुसऱ्या बाजूला झुकू लागतो.

स्वस्ताचा आणखी एक मार्ग बाजारात सर्रास दिसतो: चोरीची, म्हणजे ‘क्रॅक’ केलेली प्रत. त्यापासून दूर राहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाच गुन्हा आहे. त्यासाठी किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. शिवाय ज्याने कुलूप फोडले, त्याने आत आणखी काय ठेवले आहे हे कोणाला माहीत? आणि दुसऱ्याच्या मेहनतीचा मोबदला बुडवून हलाल कमाईचा हिशेब ठेवणे हे आपल्याला शोभत नाही. पैसे कमी असतील तर खुले सॉफ्टवेअर हा सरळ मार्ग उपलब्ध आहे.

पैसे दिले, म्हणजे मालकी आली?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. ‘मी पैसे मोजले, म्हणजे सॉफ्टवेअर माझे.’ कायदा असे म्हणत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, संगणक प्रोग्राम हा ‘साहित्यकृती’ मानला आहे. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळे काही ठरले नसेल तर, मालक असतो. पण बाहेरच्या, स्वतंत्र प्रोग्रामरने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो प्रोग्रामरच असतो. तुम्हाला फक्त वापरण्याचा हक्क मिळतो.

मालकी हवी असेल तर ती लेखी आणि सही केलेल्या करारानेच मिळते, असे कलम १९ सांगते. त्यातही एक बारकावा आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच धरला जातो. म्हणून कोणते काम, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे सगळे स्पष्ट लिहून घ्या. एका पानाचा करार पुरतो. पण तो वकिलाला दाखवून घ्या.

प्रोग्रामर मालकी द्यायला तयार नसेल, तर तेही समजण्यासारखे आहे. तोच कोड तो दुसऱ्या दहा दुकानांना विकत असतो. अशा वेळी मालकी त्याची राहू द्या. पण कोडची प्रत आणि आपल्या वापरापुरता बदल करण्याची लेखी मुभा मागा. तेही नको असेल, तर ‘एस्क्रो’ची व्यवस्था असते. कोड एका विश्वासू तिसऱ्या पक्षाकडे ठेवायचा. व्यवसाय बंद झाला, मृत्यू झाला किंवा ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही, तर त्याने तो ग्राहकाला द्यायचा. आपल्या भाषेत ही अमानतच झाली. दर नव्या आवृत्तीनंतर ठेवलेली प्रत बदलली गेली पाहिजे, हे मात्र करारात असू द्या. नाही तर गरज पडेल तेव्हा हाती पाच वर्षांपूर्वीचा कोड येईल.

जीपीएलबद्दल एक भीती नेहमी ऐकू येते: “खुले सॉफ्टवेअर वापरले तर आमचे धंद्याचे गुपित सगळ्यांना दिसेल.” तसे होत नाही. तुमचा डेटा, ग्राहक, भाव हे सॉफ्टवेअरच्या कोडचा भाग नसतात. तुम्ही करून घेतलेले बदलही स्वतःच्या व्यवसायातच वापरत असाल, तर ते जगाला देण्याची सक्ती जीपीएल करत नाही. उलट, प्रोग्रामरने जीपीएलखालील मूळ कोडमध्येच बदल करून प्रत तुम्हाला दिली, तर त्याचा सोर्स कोडही त्याने तुम्हाला द्यायला हवा. हा परवाना इथे ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो.

कोड उघडा, हिशेब मात्र बंदोबस्तात

कोड हाती असण्याचा एक धोकाही आहे. ज्याला आत जाता येते, त्याला आकडेही फिरवता येतात. म्हणूनच कंपनी कायद्याखालील नियमांनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरायचे आहे, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. तुमचा व्यवसाय खाजगी मर्यादित कंपनी असेल, तर सॉफ्टवेअर ठरवण्यापूर्वी लेखापरीक्षकांना विचारा. भागीदारीला किंवा एकट्याच्या व्यवसायाला हा नियम लागू नाही. तरी भावाभावांच्या धंद्यात ही सवय फार उपयोगी आहे. कोणी, कधी, काय बदलले हे दिसत असले की संशयाला जागा राहत नाही आणि नाती शाबूत राहतात. बिले करणारा एक आणि सर्व्हरची किल्ली असणारा दुसरा, अशी विभागणी ठेवा.

डेटाची काळजी कोडइतकीच महत्त्वाची आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणजे आज सॉफ्टवेअर बदलले तरी जुना डेटा सहा वर्षे वाचता आला पाहिजे. रोजचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. एक दुकानात, एक दुकानाबाहेर. आणि वर्षातून दोनदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. कधीच उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही.

व्यवहार ठरवण्यापूर्वीचे दहा प्रश्न

ही यादी कापून दुकानाच्या गल्ल्यात ठेवावी.

१. सोर्स कोड मिळणार का? कधी: काम संपल्यावर की प्रत्येक हप्त्याबरोबर? (हप्त्याबरोबर घ्या.)

२. परवाना कोणता? तो कागदावर दाखवाल का?

३. मी करून घेतलेल्या भागाची मालकी कोणाची? करारात लिहिणार का?

४. दिलेल्या कोडवरून दुसरा प्रोग्रामर सॉफ्टवेअर उभे करू शकेल का? त्याच्या सूचना लिहून देणार का?

५. कोड कोणाच्या खात्यात राहील? गिटहबसारख्या ठिकाणी खाते दुकानाच्या नावाने, दुकानाच्या ईमेलवर उघडा आणि प्रोग्रामरला त्यात प्रवेश द्या.

६. सर्व्हर आणि वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर नोंदले जाईल? उत्तर ‘तुमच्या’ हेच असले पाहिजे.

७. सगळा डेटा एक्सेलमध्ये किंवा तत्सम खुल्या स्वरूपात कधीही बाहेर काढता येईल का?

८. कराचे दर, एचएसएन क्रमांक मला पडद्यावरून बदलता येतील का?

९. हे सॉफ्टवेअर जाणणारे आणखी दोन-तीन जण आपल्या जिल्ह्यात किंवा जवळच्या शहरात आहेत का?

१०. तुम्ही उद्या काम सोडले, तर हस्तांतर कसे कराल?

चौथ्या प्रश्नाची परीक्षा घेण्याचा सोपा उपाय आहे. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या जाणकाराला थोडी फी देऊन तो कोड रिकाम्या संगणकावर चालवून दाखवायला सांगा. चालला तर कोड मिळाला असे समजा. नाही तर मिळालेली पेन ड्राइव्ह नुसती शोभेची आहे.

आणि बदल एका रात्रीत करू नका. मागच्या एखाद्या महिन्याची खरी बिले नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरून पाहा. मग एक महिना जुने आणि नवे दोन्ही समांतर चालवा. महिनाअखेर दोन्हीकडची विक्री, साठा आणि येणे बाकी जुळली, तरच जुने बंद करा. नवे आर्थिक वर्ष, म्हणजे १ एप्रिल, ही त्यासाठी सोयीची वेळ आहे. ईदच्या हंगामात असा बदल करण्याच्या भानगडीत पडू नका.

घरातल्या हुनराला काम

शाळेत शिकवताना दिसते की आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुले-मुली बारावीनंतर बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र, डिप्लोमा करतात आणि मग ‘प्रत्यक्ष अनुभव नाही’ म्हणून नोकरीत अडतात. खुल्या सॉफ्टवेअरचा कोड त्यांना घरबसल्या वाचता येतो, चालवून पाहता येतो. ईआरपीनेक्स्ट पायथन आणि जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेले आहे आणि या भाषा बहुतेक अभ्यासक्रमांत येतातच. मामूंच्या कारखान्याचा साठा, खालांच्या शिवणकामाच्या ऑर्डरी, मोहल्ल्याच्या वाचनालयाची नोंद अशा छोट्या कामांवर हात बसला की तेच पुढे व्यवसाय होऊ शकते. बाहेर जाऊन काम करणे जमत नाही अशा मुलींनाही हे घरून करता येते. मात्र घरच्यांनीही ‘आपलाच तर आहे’ म्हणून फुकट राबवून घेऊ नये. मोबदला ठरवावा, लेखी द्यावा, आणि कोड दुकानाच्या खात्यात जमा करून घ्यावा. नात्यातल्या व्यवहाराला कागदाची गरज जास्तच असते.

आज ज्यांच्याकडे बनवून घेतलेले सॉफ्टवेअर चालू आहे, त्यांनी अडचण येण्याची वाट पाहू नये. याच आठवड्यात बनवणाऱ्याला प्रेमाने फोन करावा. तो परगावी असेल, परदेशी असेल, तरी आज तो फोन उचलतो आहे. त्याच्याकडून कोड, डेटाबेसचा पासवर्ड आणि उभारणीच्या सूचना, या तीन गोष्टी मागून घ्याव्यात. त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. पासवर्ड बंद पाकिटात घालून दुकानाच्या कागदपत्रांबरोबर तिजोरीत ठेवावा आणि ते पाकीट कुठे आहे हे घरातल्या किमान दोन माणसांना ठाऊक असावे. त्यातली एक व्यक्ती प्रत्यक्ष हिशेब लिहिणारी असावी.